अण्णा, ही गोष्ट ऑक्टोबरपासून सांगायची राहिली

वाखेनिंगेन, नेदरलँड्स
30 मार्च 2025

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर अण्णा म्हणाले, "द्राक्षांचे पैसे आले की तुला लाखभर पाठवतो, तुझ्या शिक्षणासाठी प्लॉटवर काढलेल्या कर्जाचं नंतर बघू." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रात्री झोप लागली नाही. आईचा आवाज कानावर पडला की माझ्याच्याने खरं बोलवत नाही, म्हणून लिहिते आहे. आजीला वाचून दाखवाल तेव्हा आधी एवढं सांगा की मी बरी आहे, दोन्ही वेळ जेवते आणि बाहेर पडताना कानाला बांधते.

ऑक्टोबरच्या परीक्षेत मी संख्याशास्त्रात नापास झाले होते. इथे गुण दहापैकी असतात आणि पास व्हायला साडेपाच लागतात. मला चार मिळाले. तुम्ही विचारलंत तेव्हा मी "पेपर चांगले गेले" म्हणाले. ते खोटं होतं.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात सेमिस्टर लांब असायचं, शेवटच्या महिन्यात कंबर कसली की निभायचं. इथे पहिलं सत्र जेमतेम आठ आठवड्यांचं. सकाळी एक विषय, दुपारी दुसरा. एक क्रेडिट म्हणजे 28 तासांचा अभ्यास असा हिशोब आहे. म्हणजे सहा क्रेडिटच्या एका विषयाला 168 तास, आणि असे दोन विषय एकदम. मी पहिले तीन आठवडे बँक खातं, नगरपालिकेतली नोंदणी, जुनी सायकल यातच घालवले. अभ्यासाच्या गटात आम्ही पाच जण होतो. चौथ्या आठवड्यात गटातल्या एका डच मुलाने सरळ विचारलं, "तीन बैठका झाल्या, तू एकदाही बोलली नाहीस. का?" मला वाटलं, चारचौघांत अपमान केला. नंतर समजलं की त्याला खरोखरच कारण हवं होतं.

निकाल लागल्यावर मला सगळ्यात जास्त भीती परवान्याची वाटली. आमच्यासारख्या युरोपबाहेरच्या मुलांना वर्षाच्या 60 क्रेडिटपैकी निम्मे तरी मिळवावे लागतात, नाहीतर विद्यापीठ इमिग्रेशन खात्याला कळवतं आणि राहण्याचा परवाना जाऊ शकतो. मी रात्री बोटांवर क्रेडिट मोजत बसायचे. पिंपळगावचा प्लॉट डोळ्यांपुढे यायचा. माझ्यासाठी तारण ठेवलेला प्लॉट, आणि मी चार गुणांवर.

स्वयंपाकघरात शेजारच्या खोलीतल्या डच मुलीने माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, स्टडी अ‍ॅडव्हायझरकडे, म्हणजे अभ्यासाबद्दल सल्ला देणाऱ्या बाईंकडे, गेलीस का? मला तर ते हेडच्या केबिनमध्ये बोलावणं आल्यासारखं वाटत होतं. आता नाव लिहून घेणार, घरी कळवणार. आठवडाभर टाळलं. शेवटी गेले. त्या बाईंना इथे सगळे नावानेच हाक मारतात, माझ्या तोंडून मात्र 'मॅडम'च निघालं. त्यांनी कॉफी दिली आणि आधी विचारलं, झोप लागते का, जेवतेस का, पैशांची चिंता आहे का. गुणांचं सगळ्यात शेवटी. मी रडले, अण्णा. संख्याशास्त्रासाठी नाही, प्लॉटसाठी.

मग त्यांनी कागद घेतला आणि फेब्रुवारीतल्या फेरपरीक्षेपर्यंतचे आठवडे आखून दिले. कुठे काय सोडायचं, हेही लिहिलं. पैशांचं आणि नियमांचं काही अडलं तर विद्यार्थ्यांचे डीन असतात, मन फार जड झालं तर मानसशास्त्रज्ञ असतात, आणि मी जे बोलेन ते माझ्या परवानगीशिवाय प्राध्यापकांना कळत नाही, हेही सांगितलं. ही माणसं पहिल्या दिवसापासून इथेच होती. मीच गेले नव्हते. फेब्रुवारीत मला सात मिळाले, आणि बाकीचे विषय धरून 30 क्रेडिटचा आकडाही मी ओलांडला आहे. आता ती भीती उरली नाही.

आता पैशांचं. तुम्ही आधी विद्यापीठाकडे भरलेले राहण्या-खाण्याचे पैसे माझं खातं उघडल्यावर परत मिळाले. खोलीचं भाडं त्यातूनच चाललं आहे. शिवाय जानेवारीपासून मी शनिवारी एका कॅफेत भांडी घासते. आई, वाईट वाटून घेऊ नकोस. इथे हे काम सगळेच विद्यार्थी करतात, प्राध्यापकांची मुलंसुद्धा. जानेवारी 2025 पासून कायद्याने ठरलेला किमान दर 21 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला तासाला 14.06 युरो आहे. माझ्यासाठी मालकाला वेगळा परवाना काढावा लागतो आणि आठवड्याला 16 तासांच्या वर काम चालत नाही. मी आठच तास करते. काम धरल्यावर इथला आरोग्य विमा घ्यावाच लागतो, पण त्याच्या हप्त्यातला बराच भाग सरकार भत्ता म्हणून देतं. तो अर्जही मी भरला आहे.

त्या शेजारच्या मुलीवरही कर्ज आहे. मला हे खरंच वाटेना. इथल्या मुलांना 2024-25 या वर्षाची फी 2530 युरो, मला त्याच्या सात-आठ पट. तरी तिने कर्ज घेतलंय, कारण 2015 साली सरकारने विद्यार्थ्यांचं अनुदान बंद केलं आणि 2023 मध्ये परत सुरू होईपर्यंत तिची बरीच वर्षं गेली. व्याज आधी शून्य होतं, 2024 मध्ये 2.56 टक्के झालं, तर ती हवालदिल झाली होती. आपल्या बँकेचा दर मी तिला सांगितला नाही. पण एक गोष्ट मनात राहिली: तिचं कर्ज तिच्या नावावर आहे, तिच्या आईवडिलांच्या घरादारावर नाही.

म्हणून माझं एवढं ऐका. ते लाख रुपये मला पाठवू नका, प्लॉटच्या कर्जात भरा. उरलं तर आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन यंदाच करून घ्या. मी कॅफेतलं काम चालूच ठेवेन, पुढच्या वर्षीचा खोलीचा खर्च त्यातून थोडाफार निघेल. कमी पडलं तर मी स्वतः सांगेन, लपवणार नाही. आणि तुम्हीही फवारणीची उधारी माझ्यापासून लपवू नका. ती आहे, मला धाकट्याकडून कळलं.

परवा दुकानात आपल्याकडची द्राक्षं दिसली, 500 ग्रॅमचा डबा, वर 'भारत' लिहिलेलं. 2010 साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला होता तेव्हा मी लहान होते, पण अण्णा ओट्यावर न जेवता बसलेले मला आठवतात. आता मी तेच शिकते आहे, पानाफळात औषधाचा अंश किती दिवस राहतो ते. तो डबा मी विकत घेतला आणि वरचा नंबर पाहिला. आपला माल जिथे डब्यांत भरतात त्या पॅकहाऊसचा नव्हता. तरी शेजारणीला दिला आणि सांगितलं, हे माझ्या तालुक्याच्या आसपासचं असू शकतं. तिने सगळा संपवला.

छाटणीआधी माती तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा. रविवारी फोन करते.

तुमची,
ताई