लपवाछपवी पुरे

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही रात्री बाथरूमच्या दारात पडलात हे मला बारा दिवसांनी कळलं, तेही दादाच्या तोंडून चुकून निसटलं म्हणून. या बारा दिवसांत आपण रोज बोललो आणि रोज तुम्ही ‘आम्ही अगदी मजेत’ म्हणालात. पोरीला या दिवसांत धसका नको, असं आईचं म्हणणं होतं म्हणे. मला इतका राग आला की दोन दिवस मी फोनच उचलला नाही. तिसऱ्या दिवशी माझी मलाच लाज वाटली, कारण मी तरी वेगळं काय करत होते?

तर आधी माझं सांगते. मला एकतिसावा आठवडा चालू आहे. मागच्या तपासणीत ब्लड प्रेशर १४२/९२ निघालं. थोडा वेळ शांत बसवून पुन्हा घेतलं तर १३८/८८. तुम्हाला मात्र मी ‘सगळं नॉर्मल’ एवढंच कळवलं. विसाव्या आठवड्यानंतर आकडा १४०/९० ला टेकला की डॉक्टर सावध होतात, कारण ती प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात ब्लड प्रेशर चढण्याच्या एका गंभीर आजाराची, सुरुवात असू शकते. वेळेत सापडला नाही तर त्याचा मूत्रपिंडाला, यकृताला आणि बाळाच्या वाढीलाही त्रास होतो. माझ्या लघवीत प्रथिनं नाहीत, रक्ताचा रिपोर्टही ठीक आहे. आता रोज दोनदा घरी मोजायचं. १६०/११० दिसलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. ही यादी तुमच्या जावयाला तोंडपाठ आहे. तुम्हीही करा. हे दुखणं बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत डोकं वर काढू शकतं, आणि तेव्हा माझ्याजवळ तुम्ही असाल. बाळाच्या गडबडीत माझ्या डोकेदुखीला कुणी ‘झोप झाली नाही, दुसरं काय’ म्हणू नये, एवढंच.

झालं माझं. बाबा, आता तुम्ही.

पाय घसरला की आधी चक्कर आली? दादाला सांगता आलं नाही. तुम्ही ‘तोल गेला’ म्हणून विषय संपवलात, पण मला नेमकं तेच हवं आहे. फरशी ओली असेल तर चटई टाकून भागेल. चक्कर असेल तर चटईने काहीच होणार नाही. रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं म्हणून तुम्हाला नवी गोळी मिळाली, बरोबर? प्रोस्टेटवरच्या काही गोळ्या रक्तवाहिन्याही सैल करतात. ब्लड प्रेशरची जुनी गोळी चालूच आहे. दोन्हींचा जोर एकत्र आला की माणूस अंथरुणातून ताडकन उठताच दाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळ्या देणारे डॉक्टर दोन, आणि एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही, हे तर तुम्हीच मला हसत सांगितलं होतं! घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा आणि ती पिशवी दोघांपुढेही ठेवा. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. तोवर उठताना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा, पाय हलवा, मग उभे राहा. डोक्याला लागलं होतं का, तेही खरं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला डोक्याला मार बसला, तर आतला रक्तस्राव काही आठवड्यांनीसुद्धा उघड होतो. म्हणून ते बारा दिवस मला एवढे झोंबले.

आई, आता तुझी पाळी. माझी कंबर धरली तेव्हा तू म्हणालीस, ‘माझी गुडघ्याची गोळी घे, तासाभरात मोकळी होशील.’ ती मी घेतली नाही. ती सूज उतरवणारी वेदनाशामक आहे. विसाव्या आठवड्यानंतर अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० साली तसा इशारा दिला आहे. पुढच्या आठवड्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनीही वेळेआधी बंद होण्याची भीती असते. आणि तू स्वतः ती रोज घेतेस? तिने ब्लड प्रेशर चढतं, मूत्रपिंडं दमतात. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण ती पट्टीसुद्धा त्याच पिशवीत जाऊ दे.

(मोजताना गप्प बसायचं, आई. पाच मिनिटं आधीपासून. पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीवर. बोलत राहिलीस की आकडा वाढतो, आणि मग तू म्हणतेस यंत्र बिघडलंय.)

इकडे यायच्या निदान दोन आठवडे आधी दोघांनीही डांग्या खोकल्याच्या लसीचं डॉक्टरांना विचारून घ्या. मोठ्यांना तो साध्या खोकल्यासारखा वाटतो, तान्ह्या बाळाच्या मात्र जिवावर बेततो. मीही घेतली आहे. आणि बाळाला पाठीवरच झोपवायचं, रिकाम्या गादीवर, उशी-दुलई काही नको. यावरून आपलं वाजणार हे मला आत्ताच दिसतंय. आम्हाला पालथं झोपवून तुम्ही वाढवलंत, कबूल, पण तेव्हाचा सल्लाच तसा होता.

रविवारी फोन करते. आधी बाबा आपला आकडा सांगतील, बसून घेतलेला आणि उभं राहून घेतलेला, दोन्ही. मग आई. मग मी माझा सांगेन, जो असेल तो.

तुमची,
धाकटी

ता. क. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक दिवा चालू राहू द्या. विजेचं बिल दादा भरेल, मी त्याच्याशी बोलले आहे.