पीएसएचा आकडा हातात देऊन पुरुषांना घरी पाठवू नका

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

जगभरातल्या पुरुषांत फुप्फुसाखालोखाल आढळतो तो प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १४.७ लाख नवे रुग्ण होते, भारतात सुमारे ३८ हजार. तरीही सरसकट सगळ्या पुरुषांची तपासणी करा, असे आम्ही म्हणत नाही. संथ वाढणाऱ्या, कधीच त्रास न देणाऱ्या गाठींवर त्यातून नाहक उपचार होतात. आमचे मागणे आहे ते लघवीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे निदान शेवटपर्यंत नेण्याचे.

शिबिरात रक्त घेतात, पीएसएचा (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा) आकडा हातात देतात आणि तिथेच सगळे थांबते. हा आकडा ४ च्या वर गेला म्हणजे कर्करोगच, असे नाही. जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, लघवीसाठी नुकतीच घातलेली नळी, वयानुसार वाढलेली ग्रंथी, कशानेही तो चढतो. ४ ते १० च्या दरम्यान बायोप्सी (सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासणे) केली, तर साधारण चौघांत एकालाच कर्करोग निघतो. उलट, वाढलेल्या ग्रंथीसाठी दिले जाणारे फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हे औषध सहा महिने घेतले की आकडा निम्म्यावर येतो. अशा रुग्णाचा ३ हा ६ धरायचा. म्हणून रक्ताच्या फॉर्मवर चालू औषधे, संसर्ग आणि नळी यांचे रकाने सक्तीचे करा. संसर्ग असेल तर तो बरा करून सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचे.

गुदद्वारातून बोटाने करायची ग्रंथीची तपासणी फुकट आहे आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते. मूठ हलकी आवळली की अंगठ्याच्या बुडाशी जो लवचिक उंचवटा लागतो, तशी निरोगी ग्रंथी लागते. बोटाच्या सांध्याच्या हाडासारखे टणक काही लागले, तर पीएसए कमी असला तरी रुग्णाला पुढे पाठवलेच पाहिजे.

पुढची पायरी एमआरआयची, आणि ती बायोप्सीच्या आधी. सुईने झालेला रक्तस्राव नंतर कित्येक आठवडे चित्र बिघडवतो. बायोप्सीत साधारण १२ तुकडे घेतात. ते सगळे एकाच बाटलीत टाकले, तर रोग डावीकडे की उजवीकडे, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. बाजू आणि जागा लिहिलेल्या वेगळ्या बाटल्या आणि १० टक्के फॉर्मलिन, यात खर्च तो काय? गुदद्वारातून सुई घातल्यास जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो. जिल्हा रुग्णालयांतल्या सर्जनना वृषणामागच्या त्वचेतून बायोप्सी घेण्याचे प्रशिक्षण द्या. अहवालात कर्करोग किती आक्रमक आहे हे सांगणारे ग्लीसन गुण आणि ग्रेड गट लिहिलेला नसेल, तर तो अपुरा समजून परत पाठवावा.

आणखी एक. साठीपुढच्या पुरुषाची कंबर महिनोन्महिने दुखते, वेदनाशामक गोळ्या चालूच राहतात, आणि रोग मणक्यात पोहोचलेला असतो. अशा प्रत्येकाचा पीएसए प्राथमिक आरोग्य केंद्रातच पाहावा. कंबरदुखीसोबत पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याला ओपीडीची तारीख देऊ नये. १०८ बोलावून त्याच दिवशी एमआरआय असलेल्या रुग्णालयात हलवावे. मज्जारज्जूवरचा दाब वेळेत काढला नाही, तर पाय परत येत नाहीत.

आपले,
मूत्ररोग विभागांत काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका