किनाऱ्यांची यादी छापता, मग भरतीची वेळ का नाही?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला कोकण किनाऱ्यावरचा पानभर लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, आणि नेहमीच्या गर्दीच्या ठिकाणांबरोबर केळशी, आंजर्ले, भोगवे यांनाही जागा मिळाली याचा आनंद झाला. पण 'सर्वोत्तम' ठरवताना लेखकाने वाळू, माडांची सावली आणि सूर्यास्त एवढंच पाहिलं. पाणी कधी चढतं, कुठे ओढतं, याबद्दल अख्ख्या पानात एक ओळ नाही. वर हरिहरेश्वरची प्रदक्षिणा 'दिवसभरात केव्हाही निवांत करता येते' असं छापलंय. हे वाचून मात्र राहवलं नाही.

ती प्रदक्षिणा केव्हाही करता येत नाही. दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि वाट सरळ समुद्रालगतच्या खडकावर येते. ओहोटीला तिथून आरामात जाता येतं. भरतीला त्याच खडकावर लाटा आदळतात, आणि तिथून माणसं वाहून गेलेली आहेत. गेल्या हिवाळ्यात मी, माझी बहीण आणि भाची दुपारी तिथे गेलो. उतरलो होतो तिथल्या माणसाने 'अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, जाऊन या' एवढंच सांगितलं होतं. निम्मी वाट झाली असेल, तेवढ्यात एक लाट थेट पायाखालून गेली आणि भाचीचा तोल गेला. खडकाला कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या. तिने हात टेकले आणि दोन्ही तळवे फाटले. दुसरी लाट कमरेपर्यंत आली. कालवं काढून परतणाऱ्या एका बाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली, भाचीचं मनगट धरलं आणि 'भरती लागलेय, इथे थांबू नका' म्हणत आम्हाला वर काढलं. त्या दिवशी संकष्टी होती. म्हणजे चतुर्थी, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. किनाऱ्यावरच्या कुणालाही हे तोंडपाठ असतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि तुमचा लेखही सांगत नाही.

हिशोब अगदी साधा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, दिवसा आणि रात्रीही. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि तितक्याच जोराने उतरतं. हे उतरणं नेमकं दुपारी दोन ते चार या वेळात, जेव्हा सहलीच्या गाड्या येऊन थांबतात आणि मुलं पाण्यात धावतात. तुमच्या अंकात रोज तिथी छापली जाते. तिच्याशेजारी भरतीची वेळ द्यायला कितीशी जागा लागेल?

गणपतीपुळ्याचा किनारा देखणा आहे यात वाद नाही, पण तिथे दरवर्षी माणसं पाण्यात ओढली जातात, धोक्याचे फलकही लावलेले आहेत. लेखात मात्र 'मनसोक्त डुंबा'! लाटा फुटत नाहीत तो पट्टा शांत वाटतो म्हणून लोक तिथेच उतरतात, आणि बऱ्याचदा तिथूनच पाणी आत परतत असतं. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झगडत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावं, एवढं एक वाक्य तरी हवं होतं. खाडीच्या मुखाजवळ तर उतरूच नये. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं हे तुम्ही लिहिलंत, पाणी चढल्यावर माणसं पलीकडे अडकतात हे लिहिलं नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुड-जंजिऱ्याजवळ पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तेव्हा पहिल्या पानावर मोठे मथळे आले होते. त्यानंतरही पर्यटनाचं पान असंच निघावं याचा मला मनापासून राग येतो.

आणखी एक. आंजर्ल्याच्या मजकुराशेजारी ओल्या वाळूवरून धावणाऱ्या जीपचा मोठा फोटो आहे. आंजर्ले, वेळास या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून गावकरी आणि निसर्गप्रेमी रात्री जागून ती घरटी राखतात. अंडी वाळूत हात-दीड हात खाली, पन्नासेक दिवस. वरून चाक गेलं की संपलं. गाडी रुतते आणि भरतीत बुडते ते वेगळंच, पण त्या वाळूवर गाडी मुळात न्यायचीच नसते.

येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत, हरिहरेश्वरबद्दलची दुरुस्ती छापावी ही विनंती. लोक ही पानं कापून ठेवतात आणि सुट्टी लागली की तीच घेऊन निघतात.

आपली एक नियमित वाचक