काउंटरवरच्या वहीसाठी, पेनवाल्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

तुमच्या दुकानात काचेच्या काउंटरवर पेन चालवून बघायची एक वही असते. दोऱ्याने बांधलेली, कडा शाईने माखलेल्या. दुरुस्तीला आलेलं प्रत्येक पेन आधी त्या वहीवर चालतं आणि परत जाताना पुन्हा चालतं. त्या वहीसाठी, आणि तिच्यावर बोट ठेवून तुम्ही आजवर जे शिकवलंत त्यासाठी, आभार मानायला हे पत्र.

शाईपेन वापरणारा दुसरा माणूस हल्ली भेटतच नाही म्हटलं तरी चालेल. ऑफिसात, लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत महिनोन् महिने एकही दिसत नाही. खिशाला चकचकीत क्लिप दिसते, पण टोपण काढलं की आत जेल पेन निघतं. टोपण ओढण्याऐवजी दीड-दोन वेढे फिरवून उघडणारा हात दिसला, किंवा मधल्या बोटाच्या पेरावर निळा डाग दिसला, की समजावं, हा आपल्यातला.

वापरणारे संपलेत असं मात्र तुमची वही पाहून वाटत नाही. ते घरात बसलेत. कुरियरच्या पावतीखाली कार्बन असतो, तिथे जोर द्यावा लागतो, आणि शाईपेनाला जोर सोसत नाही. दुकानातल्या गुळगुळीत पावतीवर शाई वाळत नाही, सही अंगठ्याला लागून येते. चेकवर धुऊन जाणारी रॉयल ब्लू वापरणं धोक्याचं, पाण्याचा एक थेंब पडला तरी आकडा पुसट होतो. तिथे पक्की शाईच हवी. पेन मागणाऱ्याला दिलं तर तो बॉलपेनासारखं दाबतो आणि निबेच्या पात्या फाकतात. (टोपण आपल्याकडे ठेवून पेन द्यायची जुनी रीत त्यामुळे पेन परत येण्यापुरतीच कामाची, निब वाचवायला नाही.) म्हणून बाहेर जाताना लोक बॉलपेन नेतात आणि शाईपेन टेबलावर राहतं. एकाच इमारतीत दोघे जण वापरत असले तरी एकमेकांना पत्ता नसतो.

याचा खरा तोटा असा, की विचारायला कोणी उरत नाही. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत कॅमलिनची सुरुवात केली ती घोडा छाप शाईची पूड आणि वड्या विकून. शाई घरात कालवली जायची तेव्हा पेन कसं भरावं, कसं धुवावं हे पोरांना बघून बघूनच यायचं. आज कोणी हौसेने पेन घेतो, पंधरा दिवसांनी ते मध्येमध्ये लिहायचं थांबतं, आणि पेन खराब निघालं असं समजून तो ते ड्रॉवरमध्ये टाकतो. तसल्या बहुतेक पेनांत बिघाड काहीच नसतो, वाळलेली शाई असते. हे सांगणारं माणूस शेजारी, कचेरीत, नात्यात कुठेही नसतं. तुमच्या काउंटरवर असतं.

आणि सांगता तेही नुसतं तोंडी नाही. वहीवर पेन चालवायला लावता आणि उमटलेल्या रेघेवरून दुखणं ओळखायला शिकवता. कोणी ‘श्री’ काढतो, कोणी सही करतो. तुम्ही मात्र आडवा आठ काढायला सांगता, कारण त्यात पेन सगळ्या दिशांनी फिरतं. एकाच दिशेला खरखर लागली तर दोन पात्यांपैकी एक वर आलेली असते. दहा पटीच्या भिंगातून समोरून पाहिलं की पायरी स्पष्ट दिसते. वर आलेली पाती नखाने दोन-तीन सेकंद हलकेच खाली दाबायची, पुन्हा भिंगातून बघायचं, पुन्हा आठ काढायचा. घाईने पॉलिश पेपरवर घासली तर खरखर जाते, पण टोक झिजतं आणि पात्या वाकड्या त्या वाकड्याच राहतात.

शिरोरेषेचं तर तुम्ही एक शास्त्रच करून ठेवलं आहे. पहिल्या अक्षराचा पहिला फराटा कोरा जातो आणि पुढचं नीट उमटतं, ही तक्रार सगळ्यांत जास्त येते. तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: रात्रभर ठेवल्यावरच असं होतं की प्रत्येक वेळी पेन उचलल्यावर? रात्रीनंतरच होत असेल तर टोपण तपासायचं. तोंडाला ओठ लावून हवा फुंकायची; कुठून निसटली तर टोपणाला चीर आहे आणि निब आतल्या आत वाळते. प्रत्येक उचलीला होत असेल तर टोक जास्त गुळगुळीत केलेलं असतं. निबेच्या दोन पात्यांमधल्या चिरेच्या आतल्या कडा गोल झालेल्या, त्यामुळे शाई टोकाशी येऊनही कागदाला टेकत नाही. जरा दाबलं की लिहितं. गुळगुळीत निब म्हणजे चांगली निब हा समज तुम्ही किती जणांचा दूर केला असेल!

रुळांसारख्या दोन समांतर रेघा आणि मधे कोरं, म्हणजे दाबून लिहिणाऱ्याचा हात. अर्ध्या पानानंतर अक्षर फिकं होत गेलं, म्हणजे शाई खाली येते पण तिच्या जागी हवा वर जात नाही. जिभेच्या, म्हणजे निबेखाली बसून तिला शाई पुरवणाऱ्या भागाच्या, चरांत गाळ बसलेला असतो. निबेच्या चिरेत अडकलेला तंतू काढायला ०.०५ मिमी जाडीची पितळी पट्टी निबेच्या भोकाकडून टोकाकडे ओढायची. दाढीच्या ब्लेडने कधीच नाही, पोलाद आतल्या कडा ओरबाडतं. आणि थबकन पडलेला डाग बघून तर तुम्ही पेन न उघडता सांगता, टाकी तिसऱ्या हिश्शाच्या खाली आली आहे. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई उतरली की वर हवा साठते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून एक तृतीयांश उरली की भरून घ्यायची, आणि थंडीत खिशातून काढल्यावर निब वर करून मिनिटभर हातात धरायचं. एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं, पेन यात जास्त समजूतदार, कारण त्याच्यातून उष्णता हळू जाते. एबोनाइट ओळखायची तुमची खूण सोपी आहे: अंगठ्याने खसखसून चोळायचं आणि हुंगायचं. गंधकाचा, जळक्या रबरासारखा वास आला की एबोनाइट.

भरण्याबद्दल आणि धुण्याबद्दल तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की ते पाठ झालं आहे, तरी नव्याने घेणाऱ्यांसाठी इथे लिहून ठेवतो. आट्यांवर शुद्ध सिलिकॉन ग्रीस, मोहरीएवढंच. जास्त लावलं तर ते शाईत उतरतं आणि चर बुजवतं. व्हॅसलीन नको, रबराचे भाग त्याने सडतात. टाकी आट्यांच्या अर्धा सेंटिमीटर खालीपर्यंत भरायची. शाई बदलताना, नाहीतर महिना-दीड महिन्यातून एकदा, पुढचा भाग साध्या पाण्यात रात्रभर ठेवायचा, सकाळी रबरी फुग्याने पाणी आतून दाबून काढायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. फारच चिकटलेलं असेल तर पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मग पुन्हा साधं पाणी. शेवटी निब खाली करून सुती कापडावर उभं ठेवायचं. कापड उरलेलं पाणी ओढून घेतं. स्पिरिट लावू नये, अ‍ॅक्रिलिकला चिरा जातात. गरम पाण्याने एबोनाइटचा काळा रंग मातकट होतो.

गरम पाणी तुम्ही एकाच कामाला वापरता, आणि ते बघण्यासारखं असतं. नवी निब बसवली आणि जीभ तिला नीट टेकत नसली की उकळलेलं पाणी कपात जरा निवू देता, साधारण ८० अंशांपर्यंत. त्यात निब आणि जीभ तेवढीच बुडवता, पकडायचा भाग कोरडा ठेवून. वीस ते तीस सेकंद. बाहेर काढल्यावर अंगठ्याने जीभ वर दाबून निबेला भिडवून धरता आणि गार होईपर्यंत सोडत नाही. मग उजेडाकडे धरून बाजूने बघता. निब आणि जीभ यांच्यामधून उजेडाची बारीकशी रेघ जरी दिसली तरी पुन्हा पाण्यात. हे एबोनाइटच्या जिभेलाच चालतं, प्लॅस्टिकच्या जिभेला नाही, हेही प्रत्येकाला बजावून सांगता.

निब निवडताना देवनागरीचा विचार करणारे फार कमी. जाड निबेत ‘घ’ आणि ‘ध’ यांची पोटं भरून जातात, अनुस्वार आणि मात्रा एकमेकांना चिकटतात. शब्द पूर्ण लिहून मग वर शिरोरेषा ओढणाऱ्यांचा त्रास निराळा: रेघ ओल्या अक्षरांवरून जाते, प्रत्येक सांध्यावर शाईचा गोळा होतो. त्यांना तुम्ही बारीक आणि कमी शाई सोडणारी निब देता. जपानी फाइन ही जर्मन फाइनपेक्षा साधारण एक घर बारीक असते, हे डबीवर लिहिलेलं नसतं. वहीवर दोन्ही चालवून दाखवलं की दिसतं.

शाईबद्दल तुमचे नियम कडक आहेत आणि ते तसेच राहोत. लाख असलेली ड्रॉइंगची शाई पेनात घालायची नाही, ती आत वार्निशासारखी बसते. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करायच्या नाहीत, साका बसतो. पेनातली उरलेली शाई बाटलीत परत ओतायची नाही. बाटलीला कुबट वास आला किंवा वर साय दिसली तर ती बुरशी, बाटली टाकून द्यायची. आणि जुलै-ऑगस्टमध्ये शाई फुटते म्हणून पेनाला दोष द्यायचा नाही, कागद दमट झालेला असतो. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावी. जीएसएमच्या, म्हणजे कागदाच्या दर चौरस मीटर वजनाच्या, आकड्यावरही विसंबू नये. चांगली खळ दिलेला ७० जीएसएमचा कागद बिनखळीच्या १०० जीएसएमपेक्षा बरा चालतो. शेवटच्या पानावर निब टेकवून तीन अंक मोजायचे, ठिपक्याला केसासारखी मुळं फुटली तर ती वही घेऊ नये.

पण सगळ्यांत मोठे आभार दुसऱ्याच गोष्टीचे. पेन चालवल्यावर तुम्ही तारीख आणि निबेचा नंबर लिहायला लावता, आणि भरलेल्या वह्या टाकून देत नाही. एका पानावर कोणीतरी विचारलं आहे, ‘ही निळी कुठली?’ तीन ओळी खाली निराळ्या अक्षरात उत्तर आहे, ‘सुलेखा, रॉयल ब्लू.’ दोघांच्या तारखांत अकरा दिवसांचं अंतर. पुढच्या पानावर तिरकं, डावखुऱ्या वळणाचं अक्षर आहे, शाई पुसली गेलेली. शेजारी कोणी लिहून ठेवलं आहे, ‘कागद उजवीकडे फिरवून बघा, हात ओळीच्या खालून येईल.’ रस्त्यात जे कधी भेटत नाहीत ते इथे एकाच पानावर बसलेले दिसतात.

१९३५ साली आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेलं देशी पेन गांधीजींकडे पोहोचलं. गांधीजी तेव्हा वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. त्यांनी ते वापरून पाहिलं आणि मगच आभाराचं पत्र पाठवलं. आम्हीही हे पत्र तुम्ही मागच्या आठवड्यात जीभ बसवून दिलेल्या पेनानेच आधी कागदावर लिहिलं. तीन पानं झाली, एकदाही शिरोरेषा तुटली नाही.

काउंटरवरच्या वहीची शेवटची सहा पानं उरली आहेत. सोबत दहा नव्या वह्या ठेवल्या आहेत, १०० पानी, एकेरी रेघांच्या. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर तीन अंक मोजून ठिपका बघितला आहे. दोरा मात्र जुनाच बांधा.

आपले,
वहीवर ‘श्री’ लिहून जाणारे काही जण