गणिताचा प्रबंध मोजून नव्हे, वाचून तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पीएच.डी.च्या घसरत्या दर्जावरचा आपला अग्रलेख वाचला. त्यातली काळजी रास्त आहे आणि ती गणितालाही लागू आहे. पण आपण सुचवलेले उपाय, म्हणजे साधर्म्याची (आधीच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराच्या प्रमाणाची) मर्यादा दहा टक्क्यांवरून पाचवर आणणे, प्रबंधाआधी तीन शोधनिबंध सक्तीचे करणे आणि ‘समाजोपयोगी’ विषयांनाच प्राधान्य देणे, गणितापुरते तरी रोगापेक्षा इलाज भयंकर या सदरात मोडतील. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात गणित शिकवते, विद्यापीठाची मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहे, आणि बाहेरच्या प्रबंधांची परीक्षक म्हणूनही काम करते. या तिन्ही उपायांचे परिणाम मी जवळून पाहते, म्हणून हे पत्र.

आधी साधर्म्याचं बोलू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे याबाबतचे नियम २०१८ चे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, दहा ते चाळीसमध्ये प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. त्याच नियमांत सर्वपरिचित संज्ञा, नियम, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं मोजणीतून वगळा, असंही लिहिलेलं आहे. पण संगणकप्रणालीला प्रमाण व्याख्या कुठली आणि उचललेला मजकूर कुठला हे कळत नाही, आणि टेबलावरच्या माणसाला अहवालाच्या पहिल्या पानावरचा आकडा तेवढा दिसतो.

माझा एक विद्यार्थी तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवतो. आठवडाभर चार वर्ग सांभाळून शनिवार-रविवारी तो माझ्याकडे येतो. त्याचं काम विलंबयुक्त समाकल समीकरणांवर आहे: आज घडणारी गोष्ट काही काळापूर्वीच्या स्थितीवर अवलंबून असेल तर त्या समीकरणाला उकल असते का, एकच असते का, सुरुवातीला थोडी चूक झाली तर ती पुढे किती वाढते. त्याच्या कच्च्या प्रबंधाचा अहवाल एकोणीस टक्के आला. लाल रंगाने रंगलेली पानं जवळजवळ सगळी पहिल्या प्रकरणातली होती. बानाख अवकाशाची व्याख्या, लिपशिट्झ अट, अर्झेला-आस्कोली प्रमेयाचं विधान. या गोष्टी जगात सगळीकडे त्याच शब्दांत लिहितात, कारण त्यातला एक शब्द हलला तरी अर्थ हलतो.

पोरगा घाबरला. विद्यापीठाच्या रस्त्याला झेरॉक्सच्या दुकानांत ‘टक्केवारी कमी करून मिळेल’ असे कागद चिकटवलेले असतात. तिथे न जाता त्याने स्वतःच बसून वाक्यांची उलटापालट केली. मला दाखवायला आणलं तेव्हा आकडा सहावर आला होता. सांतत्याची, म्हणजे फल (फंक्शन) अचानक उडी घेत नाही या गुणाची, व्याख्या मूळ अशी असते: प्रत्येक एप्सिलॉनसाठी (फलाच्या किमतीत चालेल एवढा फरक) एक डेल्टा (बिंदूपासूनचं अंतर) मिळतो, असा की अमुक होतं. त्याने इंग्रजी वाक्य फिरवून ‘एक डेल्टा असा आहे, की प्रत्येक एप्सिलॉनसाठी अमुक होतं’ असं केलं होतं. वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतील. पण पहिल्या वाक्यात तुम्ही कितीही लहान एप्सिलॉन मागा, मी त्याला पुरेल असा डेल्टा शोधून देतो; एप्सिलॉन बदलला की डेल्टाही बदलतो. दुसऱ्यात एकच डेल्टा सगळ्या एप्सिलॉनना पुरवायचा आहे. तसं होण्यासाठी ते फल त्या बिंदूच्या आसपास पूर्ण सपाट, एकाच किमतीला चिकटलेलं असावं लागतं. म्हणजे त्या एका वाक्याने पुढच्या चार प्रकरणांतली सगळी प्रमेयं, ज्यांत काहीच बदलत नाही अशा फलांपुरती उरली. मुलाला सांतत्य उत्तम कळतं. आकडा खाली आणण्याच्या धडपडीत ते त्याच्या हातून निसटलं. मी ते प्रकरण जुन्या शब्दांत परत लिहायला लावलं आणि नियमाची प्रत जोडून कार्यालयाशी पत्रव्यवहार केला. तो अजून चालू आहे. मर्यादा पाच टक्क्यांवर आणली, तर असे उलटे-सुलटे डेल्टा किती प्रबंधांत बसतील, याची मला धास्ती वाटते.

आता उलट बाजू, जी अग्रलेखात यायला हवी होती. जे प्रबंध खरोखर पोकळ असतात, ते या चाळणीतून दोन-तीन टक्के साधर्म्य घेऊन आरामात पार होतात. माझ्याच क्षेत्रातलं सांगते. स्टेफान बानाख या पोलिश गणितीने आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात एक प्रमेय सिद्ध केलं. १९२२ साली ते छापून आलं आणि आज त्याला आकुंचन तत्त्व म्हणतात. छिद्रं नसलेल्या (‘पूर्ण’) अवकाशात अंतरं ठरावीक प्रमाणात कमी करणारी कुठलीही क्रिया नेमका एक बिंदू जागचा हलू देत नाही. महाराष्ट्राचा नकाशा माझ्या वर्गाच्या फरशीवर पसरला, तर त्यावरचा एकच एक बिंदू, तो ज्या जागेचा आहे त्याच जागेवर पडलेला असतो. विकल समीकरणाला (बदलाचा वेग सांगणाऱ्या समीकरणाला) उकल आहे याची खात्री यातून मिळते, आणि संगणकाने तीच क्रिया पुन्हा पुन्हा करत उकलीजवळ जाण्याची वाटही यातूनच निघते. एका प्रबंधातली गोष्ट, शंभर वर्षं झाली तरी रोज वापरात आहे.

या तत्त्वाची व्यापकीकरणं पुढे ढिगाने झाली. त्यांतली काही फार सुंदर आहेत. पण मूळ असमतेत आणखी एक पद घालायचं, नवा स्थिरांक आणायचा, नव्या अवकाशाला नवं नाव द्यायचं आणि जुनीच सिद्धता ओळीने उतरवायची, अशी कामंही भरपूर होतात. शब्द नवे असल्यामुळे प्रणाली खूश. शोधनिबंधही निघतात, कारण पैसे घेऊन आठ दिवसांत छापणारी नियतकालिकं मुबलक आहेत. असा प्रबंध पकडायला एक प्रश्न पुरतो: जुनं प्रमेय जिथे लागत नाही आणि तुमचं लागतं, असं एक उदाहरण फळ्यावर लिहा. ज्याने खरं काम केलंय तो लगेच लिहितो. ज्याने केलं नाही तो मार्गदर्शकाकडे बघतो. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. हा प्रश्न विचारण्यासाठी मात्र परीक्षकाने प्रबंध आधी वाचलेला असावा लागतो, हातात पेन घेऊन, ओळ न् ओळ.

तीन शोधनिबंधांच्या सक्तीचंही तेच. आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी किमान एक शोधनिबंध हवा अशी अट होती. २०२२ च्या नियमांतून ती निघाली. खाली मात्र तोंडी आग्रह सुटत नाही. गणितातल्या चांगल्या नियतकालिकाकडे लेख पाठवला की समीक्षक प्रत्येक पायरी स्वतः पडताळतो. वर्ष-दीड वर्ष लागणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यानंतरही ‘तिसऱ्या उपप्रमेयातली फट बुजवा’ म्हणून लेख परत येतो. ही दिरंगाई चांगली, कारण ती वाचल्यामुळे होते. पण ज्याची शिष्यवृत्ती पाच वर्षांत संपणार आहे, किंवा ज्याची नोकरी दर जूनमध्ये नव्याने मागावी लागते, त्याला तुम्ही तीनचा आकडा दिला की तो आठ दिवसांत छापणाऱ्यांकडे वळणार. त्या दुकानांना गिऱ्हाईक आपणच पुरवतो आहोत.

याला लागून एक बारीक गोष्ट, जी गणिताबाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. गणितात लेखकांची नावं इंग्रजी वर्णानुक्रमाने लावायची प्रथा आहे. पहिला कोण आणि शेवटचा कोण याला काहीच अर्थ नसतो. पण प्राध्यापकभरतीच्या गुणांकनात दोनांहून अधिक लेखक असतील तर पहिल्या किंवा प्रमुख लेखकाला सत्तर टक्के आणि बाकीच्यांना तीस टक्के गुण मिळतात. म्हणजे आडनाव ‘वाय’ने सुरू होणाऱ्या मुलाने सगळं काम एकट्याने ओढलं असलं, तरी नाव शेवटी आणि गुण तीस टक्के. हा नियम करताना एखाद्या गणितीला विचारलं असतं, तर त्याने एका मिनिटात सांगितलं असतं.

‘समाजोपयोगी’ विषयांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण सारांशाच्या नमुन्यात तसा रकाना असतो आणि शुद्ध गणित करणारी मुलं तिथे काहीतरी ओढूनताणून लिहितात. दामोदर धर्मानंद कोसंबी बहुतेकांना इतिहासकार म्हणून माहीत आहेत. ते मुळात गणिती. गोव्यातल्या कोसबें गावी जन्म, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचं अध्यापन. १९४४ साली त्यांनी जनुकशास्त्रावर एक छोटासा लेख लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर तेव्हा थेट मोजता येत नव्हतं; पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटी झाली यावरून अंदाज बांधावा लागे. पण मध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल झाली तर ती डोळ्यांना दिसतच नाही, आणि एका ठिकाणी अदलाबदल झाली की लगतच्या ठिकाणी ती होण्याची शक्यता घटते. हे दोन्ही धरून कोसंबींनी एक सूत्र दिलं. त्यात एका लॉगरिदमपलीकडे काही नाही. आजही पीकशास्त्रातले लोक ज्वारीच्या, भाताच्या, गव्हाच्या जनुकांचे नकाशे आखतात तेव्हा अंतर ‘कोसंबी फला’ने काढलं असं लिहितात. आमच्या भागात रब्बीला ज्वारीच; तिच्या संशोधनात फर्ग्युसनच्या गणिताच्या मास्तरांचं नाव येतं, याचा मला अभिमान वाटतो. हा लेख जेमतेम चार पानांचा आहे. प्रबंध दीडशे पानांच्या वर गेलाच पाहिजे म्हणून विद्यार्थ्याला पानं फुगवायला सांगणाऱ्यांनी तो एकदा डोळ्यांखालून घालावा.

दुसरं उदाहरण अगदी शुद्ध गणिताचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री हे दोघे विद्यार्थी म्हणून आले. दोघांचे मार्गदर्शक के. चंद्रशेखरन, आणि दोघांचीही पीएच.डी. मुंबई विद्यापीठाची. तेव्हा संस्थेत परदेशातले मोठे गणिती व्याख्यानमाला द्यायला येत आणि त्यांची टिपणं तिथले तरुण विद्यार्थी लिहून काढत. ती टिपणं पुढे छापली गेली आणि जगभर वापरली गेली. दुसऱ्याचं गणित ओळीओळीने उतरवून, तपासून, फटी बुजवून लिहिताना ही मुलं घडली. (आजच्या प्रणालीने त्या टिपणांना किती टक्के दिले असते, कल्पना करवत नाही.) १९६५ साली दोघांनी मिळून सिद्ध केलेलं प्रमेय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्याचा ‘समाजोपयोग’ त्या वेळी कुणी विचारला असता तर रकाना कोराच राहिला असता. १९८३ मध्ये सायमन डोनाल्डसन यांनी त्याची नवी सिद्धता दिली, ती भौतिकशास्त्रातल्या यांग-मिल्स समीकरणांच्या अंगाने.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शुद्ध असो की उपयोजित, गणिताचा प्रबंध तपासण्याचा मार्ग एकच: विषय जाणणाऱ्याने तो वाचायचा. त्यासाठी नवा कायदा नको. प्राथमिक व्याख्यांचं प्रकरण साधर्म्याच्या मोजणीतून वगळायला आजचेच नियम परवानगी देतात. तसा लेखी आदेश विद्यापीठांनी काढावा. प्रबंध सादर करण्याआधीचं जे सादरीकरण आज वीस मिनिटांत, पडद्यावर सरकणाऱ्या स्लाइड्सवर उरकलं जातं, ते गणितात फळ्यावर व्हावं आणि अर्धा दिवस चालावं. एक मुख्य प्रमेय, त्याची पूर्ण सिद्धता, एक उदाहरण, एक प्रत्युदाहरण. शोधनिबंध छापून यायची वाट बघण्याऐवजी तो आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचायला खुला ठेवला असेल आणि विषयातल्या दोघांनी वाचून लेखी मत दिलं असेल, तर ते पुरेसं मानावं. आर्काइव्ह १९९१ पासून चालू आहे आणि तिथे लेख ठेवायला एक रुपया लागत नाही.

आणि वाचणाऱ्याला वेळ द्या. तीनशे पानांचा प्रबंध पंधरा दिवसांत परत मागायचा, वर मानधनाचं बिल तीनदा त्रुटी काढून फिरवायचं, आणि मग परीक्षकांनी नीट वाचलं नाही म्हणून हळहळायचं, याला काय अर्थ आहे? आयआयटी मुंबईतल्या राष्ट्रीय गणित केंद्रामार्फत संशोधक विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यात-हिवाळ्यात पायाभूत प्रशिक्षण शिबिरं होतात. तिथून परतलेला विद्यार्थी वेगळेच प्रश्न विचारू लागतो, हा माझा अनुभव आहे. पण तासिकेवर काम करणाऱ्याला तीन-चार आठवड्यांची रजा कोण देणार? गेला तर तेवढे पैसे बुडाले. तपासणी कडक करण्याची भाषा करणाऱ्यांनी याही खर्चाची तरतूद सुचवावी.

शेवटी एक विनंती आपल्या दैनिकालाच. पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असते. त्या विभागातले शिक्षक, संशोधक आणि विषयात रस असलेले जाणकार तिथे बसू शकतात. पदवीदानाच्या दिवशी टोप्या उडवणाऱ्यांची छायाचित्रं आपण छापता, तसं एकदा गणिताच्या मौखिक परीक्षेला विज्ञानावर लिहिणारा वार्ताहर पाठवा. कुणी काय विचारलं, उमेदवाराने फळ्यावर काय लिहिलं, परीक्षा किती वेळ चालली, एवढंच छापा. माझ्या विद्यार्थ्याची तारीख लागली की मी आपल्या जिल्हा कार्यालयाला कळवीन.

आपली,
गणिताची एक प्राध्यापिका, जि. धाराशिव
(नाव व पत्ता संपादकांकडे)