निराशेचं खापर या पुस्तकांवर नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत अस्तित्ववादी साहित्यावर, म्हणजे जगाला आयता अर्थ नाही, तो माणसाने आपल्या निवडीतून घडवायचा, असं मानणाऱ्या साहित्यावर आलेला लेख वाचला. काम्यू, सार्त्र, काफ्का हे लेखक वाचून तरुण मुलं खचतात, माणसांतून उठतात, तेव्हा महाविद्यालयांनी ही पुस्तकं वाचायला देऊ नयेत, असा त्याचा सूर आहे. मी ग्रंथालयात काम करते. ही पुस्तकं मागायला येणारी मुलं मी पाहते, म्हणून हे पत्र.

ती मुलं पुस्तक हातात घेण्याआधीच अस्वस्थ असतात. घरात, वर्गात त्यांना जे बोलता येत नाही, ते कुणीतरी स्पष्ट लिहून ठेवलंय, हे त्यांना इथे सापडतं. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगार्दने 1849 साली हेच ओळखलं होतं. हातपाय, पैसे, बायको यांतलं काहीही गमावलं तर माणसाच्या लगेच लक्षात येतं, पण तो स्वतःला गमावून बसला तर कुणाला पत्ताही लागत नाही, असं तो म्हणतो. आपण निराश आहोत हेच ठाऊक नसणं, हा त्याच्या मते निराशेचा सर्वांत सर्रास आढळणारा प्रकार होता.

लेखाच्या लेखकाने काम्यूच्या ‘आउटसायडर’ या कादंबरीचा नायक मर्सो निर्दय म्हणून निकालात काढला आहे. आईच्या अंत्यविधीला तो रडत नाही, शवपेटीजवळ कॉफी पितो, सिगारेट ओढतो, दुसऱ्या दिवशी मारी या मैत्रिणीबरोबर पोहायला आणि विनोदी सिनेमाला जातो. नेमक्या याच गोष्टी कादंबरीतला सरकारी वकील कोर्टापुढे मांडतो. मर्सोने समुद्रकिनाऱ्यावर एका माणसाला गोळ्या घातल्या आहेत, पण खटला चालतो तो बराचसा त्याच्या न रडण्यावर. वाटत नसलेलं दुःख दाखवायला तो नकार देतो. शेवटच्या प्रकरणात, मृत्युदंडाच्या छायेत, आईने म्हातारपणी वृद्धाश्रमात नवा जोडीदार का जवळ केला असेल, हे त्याला उमगतं. तिच्यासाठी रडायचा कुणालाच अधिकार नाही, असं त्याला वाटतं. आईवर प्रेम नसलेल्या माणसाला हे सुचेल का? आपल्याकडे ‘कोसला’च्या (1963) पांडुरंगलाही अनेकांनी तुटलेला, बेफिकीर ठरवलं. त्यांनी त्याच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं पुन्हा वाचावीत.

ही पुस्तकं मुलांना आत्महत्येकडे ढकलतात, हे विधान तर फार बेजबाबदार आहे. ग्रीक पुराणातल्या, तीच शिळा पुन्हापुन्हा डोंगरावर ढकलत राहणाऱ्या सिसिफसवरचा काम्यूचा निबंधही ‘आउटसायडर’च्याच वर्षी, 1942 साली आला. तो सुरूच होतो आत्महत्येच्या प्रश्नापासून, आणि सगळा युक्तिवाद जातो तो ती नाकारण्याकडे. जगाला अर्थ नसला तरी जगायचं, असं सांगणारा हा लेखक सतराव्या वर्षी क्षयाने आजारी पडला होता. वडील पहिल्या महायुद्धात गेलेले, आई फ्रेंच सत्तेखालच्या अल्जीरियात, अल्जीअर्समध्ये लोकांकडे साफसफाईची कामं करणारी आणि निरक्षर. आयुष्य किती कठोर असतं, हे त्याला पुस्तकांतून शिकावं लागलं नव्हतं.

निराशेचा आरोप सार्त्रवर त्याच्या हयातीतच झाला. 29 ऑक्टोबर 1945 रोजी पॅरिसमधल्या व्याख्यानात त्याने त्याला उत्तर दिलं. त्यात त्याने आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. थोरला भाऊ 1940च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला, आईला आता याचाच आधार. तिच्याजवळ राहावं, की इंग्लंडला जाऊन जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत भरती व्हावं? सार्त्रने त्याला सांगितलं की तू स्वतंत्र आहेस, निवड तुलाच करायची आहे. आपल्या लेखाच्या लेखकाला यात कोरडेपणा दिसतो. मला यात त्या मुलाबद्दलचा आदर दिसतो. सार्त्र ज्याला निराशा म्हणतो, त्यात हात बांधून बसणं नाही. जे आपल्या हातात आहे त्यावरच भिस्त ठेवून काम करायचं, एवढंच तो मागतो.

काम्यूच्या ‘प्लेग’मध्ये (1947) तेच प्रत्यक्ष दिसतं. प्लेगमुळे अल्जीरियातलं ओरान शहर बंद झालंय, लस चालेल की नाही ठाऊक नाही, आणि डॉक्टर रियू रोज रोग्यांकडे जातो. आपण वीर नाही, आपलं काम प्रामाणिकपणे करतोय, असं तो म्हणतो. कोविडच्या काळात आपण असे डॉक्टर आणि परिचारिका पाहिल्या आहेत.

या साहित्यावर टीका जरूर व्हावी. पण ती दुसऱ्याच जागी व्हायला हवी होती. मर्सोने मारलेल्या अरबाला अख्ख्या कादंबरीत नाव नाही. ‘प्लेग’मध्ये रांबेर हा पत्रकार ओरानला येतो तो अरबांच्या राहणीमानाची माहिती घ्यायला, पण साथ सुरू झाल्यावर तो विषय मागेच पडतो. परकेपणावर इतकं लिहिणाऱ्या लेखकाच्या पुस्तकांत अल्जीरियाच्या भूमीतली अरब माणसं परकी राहावीत, हे मला फार खुपतं. अल्जीरियाच्या कामेल दाउदने 2013 साली त्या मेलेल्या माणसाच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली आणि त्याला नाव दिलं, मूसा.

महाविद्यालयांनी ‘आउटसायडर’, ‘प्लेग’ आणि दाउदची कादंबरी मुलांना एकापाठोपाठ वाचायला द्यावी आणि वर्गात त्यावर मोकळेपणाने बोलू द्यावं, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, मिरज