दुसरा पोपट आणण्याआधी पहिल्याचा स्वभाव ओळखावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत पाळीव पक्ष्यांवरील लेख नुकताच वाचनात आला. घरातला पोपट एकटा पडून चिडखोर झाला असेल, दिवसभर ओरडत असेल, तर त्याला एक जोडीदार आणून द्यावा, चार दिवसांत दोघांचे सूत जुळते, असा सल्ला त्यात एका वाक्यात दिला आहे. लेखकाच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु नेमका हाच सल्ला मी नऊ वर्षांपूर्वी ऐकला आणि त्यापायी माझ्या पक्ष्याला पायाच्या बोटाचे एक पेर गमवावे लागले, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

टिल्लू हा माझा पोपट, करड्या रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला नर कॉकाटिएल. पक्षी पाळणारे या जातीला सरसकट कॉकटेल म्हणतात. वजन नव्वद ग्रॅमच्या आसपास, स्वभाव इतका सौम्य की कोणी अंगावर आले तर चोच उगारण्याऐवजी तो दोन पावले मागे सरकतो. त्याच्या सोबतीसाठी मी एक लव्हबर्ड, म्हणजे पोपटाच्याच कुळातली एक छोटी पक्षीण, आणली. ती आकाराने लहान आहे, तिच्यापासून काही भीती नाही, असे विक्रेत्याने सांगितले आणि मलाही ते पटले. लव्हबर्डच्या एकूण नऊ जाती आहेत आणि त्या सगळ्यांना नाव प्रेमाचे मिळाले असले, तरी ते प्रेम बहुधा स्वतःच्या जोडीदारापुरतेच असते. आपल्या हद्दीत आलेल्या परक्या पक्ष्याची हे पक्षी सहसा गय करत नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी टिल्लू तिच्या पिंजऱ्याच्या छतावर जाऊन बसला. त्याची बोटे तारांमधून किंचित आत गेली होती. आरडाओरडा मुळीच झाला नाही. मी खोलीत आले तेव्हा तो एका पायावर उभा होता, दुसरा पाय त्याने पोटाशी घट्ट धरला होता आणि तारेवरून रक्ताचा एकेक थेंब तळाच्या कागदावर पडत होता. डॉक्टरांना त्या बोटाचे पुढचे पेर काढावे लागले. यात दोष त्या लव्हबर्डचा नव्हता, कारण तिने स्वतःचे घर राखले होते. दोन स्वभाव एकमेकांसमोर आणताना मी त्यांपैकी एकाचाही विचार केला नव्हता, आणि दोष होता तो तिथे.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, दुसऱ्या पोपटाची निवड घरातल्या पहिल्या पोपटाकडे पाहण्यापासून सुरू व्हायला हवी. त्याला खरोखर पक्ष्याची सोबत हवी आहे की माणसाची, हे आधी ओळखावे लागते. जो पोपट मालकाच्या हातावर मान वरखाली करत पोटातले अन्न काढून देऊ पाहतो, इतर कोणी मालकाजवळ आले की पिसे अंगाशी चापून, शेपूट पसरून, बुबुळे भरभर लहानमोठी करत धावून जातो, त्याने माणसालाच जोडीदार मानलेले असते. अशा घरात आलेला दुसरा पक्षी त्याच्या दृष्टीने सोबती नसून वाटेकरी असतो. याउलट, जो खिडकीबाहेरच्या पक्ष्यांच्या आवाजाला साद देतो, नवी वस्तू दिसली की घाबरून लांब जाण्याऐवजी हळूहळू जवळ येऊन चोचीने चाचपतो, त्याच्याबाबतीत आशेला जागा आहे. पिसे उपटणाऱ्या किंवा सतत किंचाळणाऱ्या पोपटावर दुसरा पोपट हा इलाज समजणे तर फारच धोक्याचे आहे. पिसे उपटण्यामागे त्वचेचा विकार, अंतर्गत आजार, अपुरा आहार, अपुरी झोप, रिकामा वेळ अशी अनेक कारणे असू शकतात आणि ती पक्ष्यांच्या डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावी लागतात. रात्री दहा-बारा तासांचा अंधार आणि शांतता, चोचीने फाडायला काहीतरी आणि माणसाचा रोजचा ठरलेला वेळ, एवढ्यानेही कित्येक पोपट निवळतात. तसे झाले तर दुसऱ्याची गरजच उरत नाही, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

दुसरा आणायचा असे ठरलेच, तर बहुतेक लोक जातीची यादी काढून बसतात. आफ्रिकन ग्रे हुशार पण बुजरा, काकाकुवा लाडिक, बजरीगर खेळकर, अशी वर्णने आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. जातीचा विचार करायलाच हवा, पण तो कोणाला एका खोलीत ठेवू नये हे ठरवण्यापुरता. बजरीगर तीस-चाळीस ग्रॅमचा, तर ग्रे साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा. ग्रेने सहज म्हणून घेतलेला चावाही बजरीगरच्या जिवावर बेतू शकतो, मग दोघे कितीही शांत असोत. दुसरी गोष्ट पिसांच्या भुकटीची. काकाकुवा, ग्रे आणि कॉकाटिएल यांच्या अंगावरून पांढरी बारीक भुकटी सतत झडत असते आणि मकाव पोपटांच्या, विशेषतः निळ्या-पिवळ्या मकावच्या, फुप्फुसांना ती बाधू शकते, म्हणून स्वभाव जुळले तरी यांना एकाच बंद खोलीत ठेवू नये. एवढ्या मर्यादा आखून झाल्या की मात्र जातीचे काम संपते, कारण एकाच जातीचे दोन पोपट दोन भावंडांइतके वेगळे निघू शकतात.

याचे सर्वपरिचित उदाहरण पोपटांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांच्या ॲलेक्स या ग्रे पोपटाचे आहे. १९७७ मध्ये तो दुकानातून घेताना त्यांनी स्वतः निवड न करता तिथल्या कर्मचाऱ्यालाच कोणताही एक पक्षी उचलायला सांगितले, म्हणजे मुद्दाम हुशार पोपट निवडल्याचा आक्षेप कोणी घेऊ नये. प्रयोगासाठी ते योग्यच होते. पुढे त्याच प्रयोगशाळेत ग्रिफिन नावाचा दुसरा ग्रे आला, तेव्हा त्याचे पाठ चालू असताना ॲलेक्स मध्येच तोंड घालून उत्तरे देत असे. २००७ मध्ये ॲलेक्स गेला तोवर दोघे वर्षानुवर्षे एकाच छताखाली, त्याच माणसांच्या हाताखाली राहिले होते, तरी दोघांचा पिंड वेगळा तो वेगळाच राहिला. घरासाठी पक्षी आणताना मात्र नेमके उलट करावे लागते. तिथे कोणताही एक चालत नाही.

दुसरा गैरसमज पिल्लाविषयीचा आहे. पिल्लूच आणावे, ते हातावर वाढवले की हवे तसे घडते, असे आपल्याकडे इतक्या खात्रीने सांगितले जाते की प्रौढ पोपट घेणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. पिल्लाचा स्वभाव हा अजून पुरता ठरलेला नसतो. आज हातात झोपणारा पक्षी वयात आला की जागेसाठी, जोडीदारासाठी भांडू लागतो. कॉकाटिएल वर्षभराच्या आतबाहेर वयात येतो, तर ग्रेला तीन ते पाच वर्षे लागू शकतात, म्हणजे खरा स्वभाव कळेपर्यंत आपण आणि आपला पहिला पोपट दोघेही अंधारात असतो. शिवाय स्वतः खाऊ न लागलेले पिल्लू आईबापांपासून काढून नवख्या माणसाच्या हाती देणे मला क्रूरपणाचे वाटते. भरवायचे अन्न जरा जास्त गरम झाले तर पिल्लाची अन्नपिशवी भाजते, चुकीच्या कोनातून भरवले तर ते श्वासनलिकेत जाते, आणि या दोन्ही चुकांची शिक्षा पिल्लूच भोगते. प्रौढ पोपट जसा आहे तसा समोर दिसतो. ज्यांना काही अडचणीमुळे आपला पक्षी चांगल्या घरी द्यायचा आहे अशी कुटुंबे असतात, आणि तिथे प्रश्न विचारता येतात, पाहता येते, नको असेल तर परतही येता येते.

टिल्लूची जखम भरून दोन वर्षे झाल्यावर मी असाच एक प्रौढ पक्षी पाहायला गेले. तोही नर कॉकाटिएलच होता. नर-मादी ठेवून अंडी, घरटे आणि त्यासोबत येणारी मादीची ओढाताण मला नको होती. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी मी गेले आणि पहिल्या भेटीत त्याला हातही लावला नाही. पिंजऱ्यापासून थोडी बाजूला, पाठ अर्धी वळवून बसले. वीस मिनिटे तो दांडीच्या पार टोकाला, तुरा ताठ उभा करून, श्वास रोखल्यासारखा बसून होता. मग तुरा थोडा मागे कलला. मग त्याने एक पाय उचलून पिसांत घेतला आणि डोळे माझ्यावरून न हटवता चोचीवर चोच घासल्याचा तो बारीक करकर आवाज सुरू केला, जो पोपट निर्धास्त झाल्याखेरीज सहसा काढत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर मुद्दाम वाटी पाडली. तो दचकला, पंख उघडले, पण अर्ध्या मिनिटात पुन्हा दाणे खाऊ लागला. माझ्या मते ही फार मोलाची खूण आहे. पोपट घाबरतो का, यावरून विशेष काही कळत नाही, कारण घाबरतात सगळेच. घाबरल्यावर सावरायला त्याला किती वेळ लागतो, हे पाहायचे. तिसऱ्या दिवशी त्या घरच्या माणसांनी त्याला त्यांच्या बजरीगरजवळच्या दांडीवर ठेवले. बजरीगर पुढे आला तसा हा एक पाऊल सरकला आणि जागा करून दिली. टिल्लूला असाच सोबती हवा होता.

घरी आणल्यावर मी त्याला पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवले. या काळात दाणापाणी नेहमी आधी टिल्लूचे आणि मग नव्याचे करायचे, मध्ये हात धुवायचे आणि शक्यतो कपडेही बदलायचे. वरवर ठणठणीत दिसणारा पोपट चोच व पिसे झडवणारा विषाणू किंवा माणसालाही होऊ शकणारा सिटॅकोसिस हा आजार घेऊन आलेला असू शकतो, त्यामुळे याच काळात डॉक्टरांकडून त्याच्या चाचण्या करून घ्याव्यात. मला या विलगीकरणाचा आणखी एक उपयोग झाला. दोघे भिंतीपलीकडून एकमेकांच्या शिट्ट्या ऐकत होते आणि तिसऱ्या आठवड्यात टिल्लूने त्या नव्याची एक शिट्टी जशीच्या तशी उचलली, तेव्हा माझ्या मनावरचे ओझे बरेच उतरले. पुढचे थोडक्यात सांगते. पिंजरे आधी खोलीच्या दोन टोकांना ठेवले आणि रोज थोडे जवळ आणले, पण एकाची चोच दुसऱ्याच्या जाळीपर्यंत पोहोचेल इतके कधीच नाही. बाहेरची भेट दोघांपैकी कोणाचीच नसलेल्या जागी, माझ्या नजरेसमोरच घडवली. नव्या पक्ष्याला जुन्याच्या पिंजऱ्यात सोडण्याचा प्रकार कधीही करू नये.

आता सात वर्षे झाली. दोघे एका दांडीवर बसतात, मात्र एकमेकांना खेटून नाही, मध्ये वीतभर अंतर ठेवून. ते एकमेकांची पिसे साफ करत नाहीत. पाहुण्यांना यात जिव्हाळा दिसत नाही, पण टिल्लू दुसऱ्याच्या शेजारी मान पाठीत खुपसून झोपतो, आणि ज्याचे बोट एकदा गेले आहे अशा पक्ष्याने एवढा भरवसा टाकावा, यापेक्षा अधिक मी त्यांच्याकडून काही मागत नाही. रात्री दोघे आपापल्या पिंजऱ्यात असतात आणि तसेच राहतील.

आपल्या पुरवणीवर विश्वास ठेवून पक्षी आणणारे वाचक पुष्कळ असतील. म्हणून विनंती अशी की, या विषयावर पुन्हा लिहून येईल तेव्हा दुसऱ्या पोपटासाठी दुसरा पिंजरा कायमचा लागतो, विलगीकरण टाळता येत नाही आणि दोघांचे जमलेच नाही तर दोघांनाही आयुष्यभर वेगवेगळे सांभाळण्याची तयारी आधी हवी, या गोष्टी सल्ल्याच्या त्याच परिच्छेदात छापाव्यात.

आपली नियमित वाचक,
एक पक्षीपालक